घरी काय करता, हे आधी विचारायचे

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच सत्रात उपयोजित समाजशास्त्र हा विषय असतो. कुटुंब, जात, धर्म, ग्रामीण आणि नागरी समाज, श्रद्धा आणि आरोग्य यांचा संबंध असे त्याचे घटक असतात, आणि रुग्णसेवेतील सांस्कृतिक जाणीव ही संकल्पना मी तिथेच पहिल्यांदा वहीत लिहून घेतली. रुग्णाच्या खाटेजवळ तिचा उपयोग कसा करायचा, हे मात्र तिसऱ्या वर्षी सामुदायिक आरोग्य परिचर्या आणि प्रसूती परिचर्या या दोन पोस्टिंगमध्ये, रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शिकायला मिळाले. तो अनुभव इथे सविस्तर लिहीत आहे. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

या विचाराचा पाया मॅडलिन लेनिंजर या अमेरिकन परिचारिकेने घातला. १९५०च्या दशकात मानसिक त्रास असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आले की वेगवेगळ्या संस्कारांत वाढलेली मुले एकाच प्रकारच्या काळजीला सारखा प्रतिसाद देत नाहीत. पुढे त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पापुआ न्यू गिनीतील गाडसप लोकांमध्ये राहून अभ्यास केला आणि परिचारिकेसमोरच्या तीन वाटा मांडल्या. जी रीत आरोग्याला पोषक किंवा निदान निरुपद्रवी आहे ती जपावी. जिच्यात काही धोका आहे पण मूळ हेतू राखून फेरफार करता येतो तिच्यात घरच्यांशी बोलून तडजोड काढावी. आणि जी सरळ घातक आहे ती बदलण्यासाठी रुग्णाला सोबत घेऊन नवी रीत घडवावी. मला या मांडणीचे मोल असे वाटते की ती परिचारिकेला निवड करायला भाग पाडते. सगळ्याच प्रथांना अंधश्रद्धा म्हणणे सोपे असते आणि सगळ्यांनाच परंपरा म्हणून मान डोलावणेही तितकेच सोपे असते. एकेका प्रथेपाशी थांबून ती या तिन्हींपैकी कुठे बसते हे ठरवण्यासाठी ती प्रथा नेमकी कशी पाळली जाते, हे आधी माहीत असावे लागते.

आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत एकाच खाडीच्या दोन काठांवर खारवी आणि भंडारी वस्ती होती, दालदी आणि इतर कोकणी मुस्लिमांचा मोहल्ला होता, वर सड्यावर कुणबीवाड्या आणि बौद्धवाडी होती, डोंगराच्या अंगाला गवळी-धनगरांची घरे होती आणि आंब्याच्या बागांत राखणीसाठी येऊन राहिलेली नेपाळी कुटुंबे होती. पोस्टिंगच्या आधी वर्गात आम्ही एक मोठा तक्ता तयार केला होता. डावीकडे समाज, उजवीकडे त्यांचा आहार, उपवास, बाळंतपणाच्या रीती आणि समजुती. मेहनतीने केलेला तो तक्ता आमच्या मॅडमनी शांतपणे वाचला आणि गृहभेटीला जाताना तो वसतिगृहातच ठेवून यायला सांगितले. आडनाव वाचून घरात काय चालते ते कळत नाही, ते त्या घरातल्या बाईला विचारावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मोहल्ल्यात भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत पहिल्याच आठवड्यात याचा प्रत्यय आला. एका घरात सुनेच्या तपासणीसाठी स्त्री डॉक्टरच हवी असा आग्रह होता, तर शेजारच्या घरात सासूबाई स्वतः सुनेला घेऊन जिल्हा रुग्णालयात पुरुष डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या आणि त्यांना आमच्या प्रश्नाचेच नवल वाटले.

त्यामुळे आम्हाला एक शिस्त लावली गेली. कोणताही सल्ला देण्याच्या आधी, "यावर घरी काय करता?" असे विचारायचे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही. त्याच्या जोडीला आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ अभ्यासकाच्या प्रश्नावलीतले काही प्रश्न आमच्या बोलीत आणून वापरायचे: तुम्हाला काय झालंय असं वाटतं, कशामुळे झालं असेल, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रोगाबद्दल नसते. ते पैशांबद्दल, घरी ठेवून आलेल्या गुरांबद्दल, मुंबईला असलेल्या मुलाबद्दल किंवा गावदेवीचा कौल अजून घेतला नाही याबद्दल असते, आणि ते कळल्याशिवाय शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही का होत नाही हेही कळत नाही.

बाळंतिणीच्या घरी दिलेल्या एका भेटीत मला लेनिंजरच्या तिन्ही वाटा एकाच खोलीत दिसल्या. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, आणि मी गेलो तेव्हा खिडकी बंद होती, सुंभाच्या बाजेखाली शेगडीत निखारे होते आणि त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्यामुळे खोलीत धूर कोंदला होता. बाळ आईच्या कुशीत शिंकत होते. त्याच्या उशाखाली कोयती होती, कारण आदल्याच रात्री सटवीची पूजा झाली होती आणि लोखंड जवळ असले की बाळाला बाधा होत नाही अशी घरच्यांची श्रद्धा होती. बेंबीवर खोबरेल तेलात कालवलेली राख लावलेली होती. बाळंतिणीला पाणी बेताचेच देत होते, कारण जास्त पाण्याने पोट सुटते असे आजींचे म्हणणे होते. आमच्या पिशव्या पाहताच आजी म्हणाल्या, "तुम्ही पोरी येता नि नको नको सांगून जाता. मग करायचं काय ते सांगा, बाय." आजींची ही मागणी पूर्णपणे रास्त होती. आरोग्य शिक्षणाच्या नावाखाली आपण पुष्कळदा केवळ मनाई वाटत फिरतो.

आम्ही आधी शेक कशासाठी देता ते विचारले. कंबर धरू नये, सांध्यांत वारा शिरू नये आणि बाळाला ऊब मिळावी, असे उत्तर आले. बाळंतिणीच्या कमरेला शेक चांगला आणि नवजात बाळाला ऊब तर हवीच, म्हणजे हेतू चुकीचा नव्हता. अपायकारक होता तो धूर आणि बंद खिडकी. तेव्हा असे ठरले की आईची कंबर आणि पाठ गरम फडक्याने शेकायची, धुरी द्यायचीच असेल तर ती बाळ त्या खोलीत नसताना आणि खिडकी उघडी ठेवून द्यायची, आणि बाळाला ऊब देण्यासाठी टोपरे, दुपटे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे हा उपाय करायचा. तेलाच्या हलक्या मालिशीला आम्ही हातही लावला नाही; ती सुरू राहावी असेच सांगितले. कोयती बाळाच्या उशाखालून काढून बाजेखाली, पायांच्या बाजूला ठेवायला आजी लगेच तयार झाल्या, कारण लोखंड खोलीत राहिले की त्यांचे समाधान होत होते. काजळ डोळ्यांत न घालता तळपायाला तीट लावायची, हेही त्यांनी फारशी खळखळ न करता मानले. पाण्याबाबत आशाताईंनी सुचवलेला मार्ग मला फार आवडला. पाणी वाढवा असे न म्हणता त्यांनी ओवा आणि बाळंतशेपा घालून उकळलेले कोमट पाणी दर पाजण्याच्या वेळी पेलाभर द्यायला सांगितले. ते औषधी पाणी असल्यामुळे आजींनी ते स्वतःच्या देखरेखीखाली आनंदाने दिले आणि आईच्या पोटात पुरेसे पाणी गेले.

बेंबीवरची राख मात्र तडजोडीचा विषय नव्हता. तिथून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे बेंबी कोरडी आणि उघडी ठेवायची, तिच्यावर काहीही लावायचे नाही, हे आम्ही स्पष्ट सांगितले. पण ते सांगताना आजींच्या हातून बाळाची बेंबी उकळून गार केलेल्या पाण्याने पुसून घेतली आणि ती कशी वाळत जाते, कोणता बदल दिसला तर लगेच दवाखान्यात यायचे, हे त्यांनाच दाखवले. घरातली जबाबदारी ज्या बाईकडे आहे तिला बाजूला सारून सुनेच्या किंवा लेकीच्या कानात सल्ला सांगून येणे, हा प्रकार मला निरर्थक वाटतो, कारण आपण दार ओलांडल्यावर निर्णय त्या बाईचाच असतो.

पहिल्या चिकाचा प्रश्न याहून जुना आहे. प्रसूतीनंतर पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू व्हावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये, हे आम्ही सगळीकडे सांगतो, तरी काही घरांत पहिले घट्ट पिवळसर दूध पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात. मधामुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. यावर आशाताईंचे उत्तर गरोदरपणातच तयार असते: गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण घरोघर वाटून खातो, मग आपल्या लेकराचा चीक का टाकायचा? हे वाक्य ऐकून चुलीपाशी बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहून हसताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या हसण्यात बहुतेक वेळा होकार असतो.

प्रसूती कक्षात एका मुस्लिम कुटुंबाला बाळाच्या कानात अजान म्हणायची होती आणि भेटीची वेळ संपलेली होती. तिथल्या अनुभवी सिस्टरनी बाळाला कोरडे करून आईच्या छातीवर दिले, स्तनपान सुरू करून दिले, आणि त्यानंतर कक्षाच्या दाराशी आजोबांना हात धुऊन उभे राहायला सांगून बाळ त्यांच्याजवळ नेले. सगळा विधी दोन मिनिटांत आटोपला. खजूर चाटवण्याची इच्छाही कुटुंबाने व्यक्त केली होती. तेव्हा सिस्टरनी पहिल्या सहा महिन्यांतील स्तनपानाचे कारण समजावून सांगितले आणि आजोबांनी खजुराचा आग्रह स्वतःच सोडला. अजानला जागा मिळालेली नसती, तर खजुराबद्दलचे बोलणे त्यांनी इतक्या शांतपणे ऐकले असते असे मला वाटत नाही.

आहाराच्या सल्ल्याबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण किनाऱ्यावरच्या रक्तदाबाच्या रुग्णांना सुकी मासळी बंद करा असे सरसकट सांगितले जाते आणि ते कोणीही पाळत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, हातात पैसा नसतो आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मासळी हाच घरातला प्रथिनांचा आधार असतो. तो काढून घेतला तर ताटात पेज आणि लोणचे उरते, आणि लोणच्यात मीठ असतेच. एका खारवी कुटुंबातील काकींनी मला फळीवरचे डबे उघडून दाखवले, तेव्हा कुठे मला फरक समजला. बोंबील आणि जवळा नुसते उन्हात वाळवलेले होते, त्यामुळे त्यांत मीठ तुलनेने खूप कमी. खारा बांगडा मात्र मिठात मुरवून वाळवलेला, आणि खरी अडचण त्याचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, म्हणजे साधारण एक लहान चमचा, आणि खाऱ्या बांगड्याच्या एका जेवणातच त्यातला मोठा वाटा संपू शकतो. काकींबरोबर बसून आम्ही असे ठरवले की खारा बांगडा सणासुदीला आणि तोही पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून देऊन खायचा. रोजच्या कालवणाला बोंबील किंवा जवळा, त्यात वरून मीठ घालायचे नाही, आणि चव कोकम, तिरफळ, लसूण आणि ओल्या नारळाने आणायची. हा सल्ला कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता, तो त्या डब्यांवरून तयार झाला, आणि पुढच्या भेटीत काकींनी आपणहून सांगितले की लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आहे.

उपवासांबाबतही असेच आहे. रमजानमध्ये मधुमेहाचा रुग्ण रोजे ठेवणार असेल तर सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडून त्याची तपासणी व्हावी आणि गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा सेहरी आणि इफ्तार यांनुसार ठरवून घ्याव्यात, असे मार्गदर्शक तत्त्व आहे; रोजा चालू असताना रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० मिलिग्रॅमच्या वर गेली तर तो सोडावा, असेही त्यात सांगितले आहे. आजारी माणसाला रोजातून सूट आहे हे रुग्णाला आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. तो सूट घेणार नाही, हे त्याने ठरवलेले असते आणि आपल्याला ते वेळेवर कळणे महत्त्वाचे असते. मोहल्ल्यातल्या एका चाचींनी सांगितले की आजवर त्यांनी रोजांबद्दल दवाखान्यात चकार शब्द काढला नव्हता, कारण ओरडा बसेल असे त्यांना वाटत होते आणि त्या सकाळची गोळी गुपचूप बंद करत होत्या. न विचारण्या-सांगण्याची हीच गोष्ट संकष्टीलाही घडते, फक्त उलट दिशेने. चंद्रोदय होईपर्यंत न जेवणारी मधुमेही बाई सकाळची गोळी मात्र नेमाने घेते आणि संध्याकाळी घाम येऊन चक्कर येते. पण संकष्टीबद्दल आमच्यापैकी कोणाला विचारावेसे वाटत नाही, कारण ती आपल्या घरचीच असते. सांस्कृतिक जाणीव ही दुसऱ्या धर्माच्या रुग्णापुरती राखून ठेवायची गोष्ट आहे, असा समज मला यामुळेच घातक वाटतो.

रत्नागिरीच्या कातळावर फुरसे पुष्कळ असते आणि सर्पदंशाचा रुग्ण अनेकदा मांत्रिकाकडून किंवा भगताकडून होऊन आमच्यापर्यंत येतो. अपघात विभागातील पोस्टिंगमध्ये असा एक शेतकरी आला होता, पायाला नायलॉनची दोरी घट्ट आवळलेली आणि घोट्याभोवती हिरव्या पाल्याचा लेप. नातेवाईक आधीच अपराधी चेहऱ्याने उभे होते. ड्युटीवरच्या सिस्टरनी सरळ विचारले, "काका, दोरी किती वाजता बांधली? लेपाखाली कापलंय का? पोटात काही दिलंय का?" स्वरात कुठलाही आरोप नव्हता, म्हणून खरी उत्तरे मिळाली. ती उत्तरे उपचारासाठी अत्यावश्यक होती, कारण घट्ट दोरी घाईघाईने सोडली तर अडलेले विष एकदम शरीरात पसरू शकते, म्हणून डॉक्टर जवळ असताना आणि शिरेतून औषध देण्याची तयारी झाल्यावरच ती सोडायची असते. आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नसल्यामुळे कापलेली जखम धोकादायक ठरते. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले, ते गोठले नाही आणि प्रतिसर्पविष सुरू झाले. ते चालू असताना त्या शेतकऱ्याच्या आईने त्याच्या कपाळाला गावदेवीचा अंगारा लावला. सिस्टरनी तिला सलाईनच्या हाताकडून दुसऱ्या बाजूला यायला सांगितले, एवढेच. रुग्णाला बरे वाटल्यावर त्याच सिस्टर त्याच्या भावाशी बराच वेळ बोलत होत्या: पुढच्या वेळी गाडी थेट इकडे आणा, मंत्र म्हणणाऱ्यालाही गाडीत घ्या, पण वाटेत थांबू नका आणि कापू नका.

इरिहापेती रॅम्सडेन या न्यूझीलंडमधील माओरी परिचारिकेने सांस्कृतिक सुरक्षिततेची संकल्पना मांडली. दिलेली सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा देणाऱ्याने ठरवायचे नसून घेणाऱ्याने ठरवायचे असते, हा तिचा गाभा आहे. हे वाचल्यावर मला आमच्या नोंदवहीतली एक उणीव जाणवू लागली. एका पाळीतील परिचारिकेने आपुलकीने विचारून मिळवलेली माहिती पाळी बदलली की तिच्याबरोबर निघून जाते, आणि दुसरी परिचारिका तोच प्रश्न पुन्हा विचारते किंवा विचारतच नाही. रुग्ण गणपतीला घरी जायचेच म्हणतो, शिमग्यात पालखी घरी येणार म्हणून सुट्टी मागतो, आणि ते आधी कुठेच लिहिलेले नसल्यामुळे आदल्या दिवशी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर सही घेण्याची पाळी येते. हे दाखल होतानाच लिहिले असते तर ड्रेसिंग आणि इंजेक्शनची सोय गावच्या उपकेंद्रात लावता आली असती. म्हणून माझ्या केअर प्लॅनमध्ये मी आता निदान आणि उद्दिष्टांच्या आधी चार-पाच ओळी लिहिते: रुग्ण कोणत्या बोलीत मोकळेपणाने बोलतो, घरी काय उपाय केले, कोणते उपवास किंवा सण जवळ आहेत, तपासणीच्या वेळी सोबत कोण हवे, आणि घरात निर्णय कोणाच्या विचाराने होतो. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये त्या ओळी मी मोठ्याने वाचते.

सध्या माझी अडचण नेपाळी रुग्णांबाबत आहे. बागेत राखणीला असलेल्या कुटुंबातील आई तपासणीला येते तेव्हा दुभाषी म्हणून तिचा शाळेत जाणारा मुलगा बरोबर असतो, कारण मराठी त्यालाच येते. पाळी, गर्भपात किंवा नवऱ्याच्या मारहाणीविषयीचे प्रश्न मुलाच्या तोंडून आईला विचारणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. आई त्यांची खरी उत्तरे देणार नाही आणि मुलावर नको तो भार पडेल. आशाताईंच्या मदतीने आम्ही वाडीत अनेक वर्षे राहिलेल्या आणि मराठी उत्तम बोलणाऱ्या एका नेपाळी बाईंना विचारले. त्यांनी आठवड्यातून एका सकाळी उपकेंद्रात बसण्याचे मान्य केले आहे, ऐकलेले बाहेर सांगायचे नाही हे त्यांना नीट समजावले आहे, आणि त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च कुठून द्यायचा यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे चालू आहे.